धातूंचे नॅनोकण : उपचाराची क्षमता आणि शरीराचा पहारा

नवी दिल्ली : घरच्या घरी करावयाच्या गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर जी लालसर रेषा उमटते, ती बहुतेक संचांत सोन्याची असते. करोना साथीच्या काळात नाकातील नमुन्यावर झालेल्या जलद प्रतिजन चाचण्यांमध्येही मोठ्या प्रमाणावर सोन्याचेच कण वापरले गेले. दागिन्यात पिवळे दिसणारे सोने वीस ते चाळीस नॅनोमीटर आकाराच्या कणांत विभागले गेले की लाल दिसू लागते. या कणांवर विशिष्ट प्रतिपिंडे चिकटवली जातात आणि शोधावयाचे द्रव्य नमुन्यात असेल तर कण पट्टीवरील ठरावीक जागी अडकून रेषा तयार होते. कोट्यवधी भारतीयांनी धातूंच्या नॅनोकणांचा वैद्यकीय उपयोग अशा रीतीने, बहुधा नकळत, केलेला आहे.

तेच सोने शिरेवाटे देऊन कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचवण्याचे प्रयत्न दोन दशकांहून अधिक काळ सुरू असूनही ते रुग्णालयांतील नित्याच्या उपचारांचा भाग झालेले नाही. धातूंच्या नॅनोकणांनी शरीराबाहेर निर्विवाद यश मिळवले, त्वचेवर व जखमेवर संमिश्र यश मिळवले आणि शरीराच्या आत त्यांची वाटचाल सर्वांत संथ राहिली. यामागचे मुख्य कारण म्हणजे यकृत आणि प्लीहा यांतील भक्षक पेशींचा अखंड पहारा. हा पहारा कोणत्या उपचाराच्या आड येतो आणि कोणत्या उपचारास साहाय्य करतो, हे समजले की या क्षेत्रातील आश्वासने आणि वस्तुस्थिती यांतील अंतरही स्पष्ट होते.

आकार बदलला की गुणधर्म बदलतात

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. मानवी डीएनएच्या धाग्याची रुंदी सुमारे २ नॅनोमीटर, तर तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ७ ते ८ हजार नॅनोमीटर असतो. साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हटले जाते.

एक सेंटिमीटर बाजूच्या धातूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन एक नॅनोमीटर बाजूच्या घनांत विभागला तर त्या सर्वांचे मिळून पृष्ठफळ ६ हजार चौरस मीटर होते. धातूचे वजन तेवढेच राहते. परंतु भोवतालच्या द्रव्याशी संयोग पावू शकणारे पृष्ठभागावरील अणू अनेक पटींनी वाढतात. त्यामुळे एरवी निष्क्रिय मानला जाणारा धातूही या आकारात रासायनिकदृष्ट्या सक्रिय होऊ शकतो.

सोन्याच्या सूक्ष्म कणांचा पद्धतशीर वैज्ञानिक अभ्यास ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५० च्या दशकात केला. माणकासारख्या लाल रंगाच्या द्रावणातील रंग हा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, असे प्रतिपादन त्यांनी १८५७ मध्ये केले. त्यांनी तयार केलेल्या द्रावणांपैकी काही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जतन करून ठेवलेली आहेत. सायट्रेटच्या साहाय्याने सोन्याचे एकसारखे कण बनवण्याची पद्धत जॉन टर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. ती मूळ कल्पना प्रयोगशाळांतून आजही वापरली जाते.

कण रक्तात शिरल्यानंतर

नॅनोकण रक्तात मिसळताच त्यांच्याभोवती रक्तातील प्रथिनांचा थर जमतो. या थराला शास्त्रज्ञ ‘प्रथिनांचे कडे’ म्हणतात. केनेथ डॉसन, सारा लिन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या संशोधनानंतर ही संकल्पना या शास्त्राच्या केंद्रस्थानी आली. पेशींची गाठ पडते ती मूळ कणाशी नव्हे, तर या थराने वेढलेल्या कणाशी. साहजिकच प्रयोगशाळेतील बशीत दिसलेला परिणाम शरीरात दिसेलच, असे गृहीत धरता येत नाही.

या थरातील काही प्रथिने भक्षक पेशींना खुणेसारखी उपयोगी पडतात. यकृतातील भक्षक पेशी असे कण वेगाने टिपतात. सुमारे साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जाऊन बाहेर पडू शकतात, असे २००७ मधील प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले. त्याहून मोठे आणि न विरघळणारे कण मात्र दीर्घकाळ शरीरात राहू शकतात. उंदरांना दिलेल्या ४० नॅनोमीटरच्या सुवर्णकणांचा माग २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काढण्यात आला. पहिल्या दिवशी यकृतात असलेल्या सोन्यापैकी केवळ ९ टक्के सोने सहा महिन्यांत कमी झाले होते.

आकारातील किरकोळ वाटणारा फरकही निर्णायक ठरतो. जर्मन संशोधकांनी २००७ मध्ये केलेल्या पेशींवरील प्रयोगांत १.४ नॅनोमीटरचे सुवर्णकण विषारी ठरले, तर १५ नॅनोमीटरचे कण तुलनेने निरुपद्रवी आढळले. ‘मात्रेवरून विष ठरते’ हे औषधशास्त्राचे जुने सूत्र आहे. नॅनोकणांबाबत मात्रेच्या जोडीला आकार, घडण, पृष्ठभागावरील विद्युत्भार आणि आवरण यांचाही विचार करावा लागतो.

अपायाची मुख्य कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे कणांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची अतिसक्रिय रूपे तयार होऊन पेशीतील प्रथिने, मेद आणि डीएनए यांना इजा पोहोचते. दुसरे म्हणजे चांदी, जस्त किंवा तांबे यांसारख्या धातूंचे कण पेशीच्या आत जाऊन विरघळतात आणि धातूचे आयन तेथेच मोठ्या प्रमाणात मुक्त होतात. श्वासावाटे जाणारे कण हा आणखी एक चिंतेचा विषय आहे. मँगनीज ऑक्साइडचे सुमारे ३० नॅनोमीटरचे कण नाकातील गंधचेतांच्या मार्गाने मेंदूपर्यंत पोहोचतात, असे अमेरिकेत उंदरांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. त्यामुळे वेल्डिंग आणि धातूच्या भुकटीशी संबंधित व्यवसायांतील कामगारांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

चांदी : जिवाणूंशी जुनी लढत

चांदीचा जंतुनाशक उपयोग नॅनोतंत्रज्ञानाहून बराच जुना आहे. जर्मन प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या दशकात नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्याची पद्धत रूढ केली आणि जन्मतः होणाऱ्या संसर्गाने येणारे अंधत्व त्यामुळे मोठ्या प्रमाणात टळले. भाजलेल्या जखमांवर सर्रास लावले जाणारे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आले. चांदीचे नॅनोस्फटिक असलेल्या मलमपट्ट्या १९९० च्या दशकात बाजारात दाखल झाल्या.

चांदीचे आयन जिवाणूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी बांधले जातात आणि त्यांचे आवरण व श्वसनक्रिया विस्कळीत करतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ऑक्सिजनविरहित वातावरणात प्रयोग केले. तेथे आयन मुक्त होऊ न शकल्याने चांदीचे नॅनोकण जिवाणूंवर जवळजवळ निष्प्रभ ठरले. जिवाणूंना मारण्याचे काम मुख्यत्वे आयन करतात आणि नॅनोकण हे त्यांचे हळूहळू रिकामे होणारे कोठार आहे, असा निष्कर्ष यातून निघाला.

रुग्णांवरील पुरावा मात्र एकतर्फी नाही. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय समूहाने २०१० मध्ये २६ चाचण्यांचा आढावा घेतला. चांदीयुक्त मलमपट्ट्यांमुळे जखम लवकर भरते अथवा संसर्ग टळतो, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा त्यात आढळला नाही. भाजलेल्या जखमांविषयीच्या २०१३ मधील आढाव्यात सिल्व्हर सल्फाडायझिनच्या तुलनेत चांदीचा लेप असलेल्या पट्ट्यांचे परिणाम अधिक चांगले दिसले. मूळ धातू एकच असला तरी तो कोणत्या रूपात वापरला जातो, यावर परिणाम अवलंबून राहतो.

जिवाणूही स्वस्थ बसलेले नाहीत. चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथील पालाकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, ई. कोलाय जिवाणू चांदीच्या नॅनोकणांच्या वारंवार संपर्कात आल्यास फ्लॅजेलिन हे प्रथिन अधिक प्रमाणात सोडतात. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून त्यांची शक्ती क्षीण होते. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या संसर्गांवरील उपाय म्हणून चांदीकडे पाहिले जात असताना, मोजे, भांडी, सौंदर्यप्रसाधने यांत तिचा सरसकट वापर कितपत हितावह आहे, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

चांदीचे द्रावण पिण्याचे ‘आरोग्यदायी’ प्रयोग हा याहून गंभीर विषय आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच असे स्पष्ट केले की, विनाचिठ्ठी विकली जाणारी, चांदीचे सूक्ष्म कण असलेली औषधे सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत. दीर्घकाळ चांदी पोटात गेल्यास ती त्वचेत साठते आणि त्वचा निळसर राखाडी होते. आर्जिरिया नावाचा हा विकार सहसा कायमचा असतो.

लोह : जेथे पहाराच उपयोगी पडतो

भारताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नॅनोकण सोन्याचा किंवा चांदीचा नसून लोहाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. लोहाच्या गोळ्या मानवत नसतील, त्या नियमित घेतल्या जात नसतील किंवा प्रसूती जवळ आल्यावर निदान झाले असेल, तर शिरेवाटे लोह देण्याची तरतूद ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात आहे. त्यासाठी आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज वापरले जाते. ही दोन्ही औषधे वस्तुतः नॅनोकणच आहेत. त्यांच्या गाभ्यात लोहाचे संयुग आणि भोवती शर्करेचे आवरण असते.

मोकळे लोह रक्तात एकदम सोडले तर ते विषारी ठरते. आवरणामुळे ते मुक्त होत नाही. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी हे कण गिळतात, आवरण फोडतात आणि लोह गरजेप्रमाणे रक्तातील वाहक प्रथिनाच्या हवाली करतात. पुढे त्यापासून हिमोग्लोबिन तयार होते. कर्करोगाच्या औषधाला वाटेत अडवणाऱ्या याच पेशी ॲनिमियाच्या रुग्णाला औषध पोहोचवण्याचे काम करतात. शरीराच्या नैसर्गिक रचनेशी जुळवून घेतल्यामुळेच लोहाचे नॅनोकण जगभर नित्य वापरात टिकून राहिले.

मात्र हा वापरही निर्धोक नाही. फेरुमॉक्सिटॉल या लोहकणांच्या औषधाला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतरच्या काही वर्षांत तीव्र ॲलर्जीच्या ७९ घटनांची नोंद झाली आणि त्यांपैकी १८ रुग्ण दगावले. त्यामुळे औषधावर ठळक इशारा छापणे बंधनकारक करण्यात आले. शिरेवाटे लोह देताना तातडीच्या उपचारांची सिद्धता आणि प्रशिक्षित कर्मचारी असण्याचा आग्रह धरला जातो, तो यासाठीच.

या औषधांच्या नकलांचा प्रश्नही साधा नाही. रासायनिक सूत्र सारखे असले तरी कणांचा आकार आणि आवरणाची बांधणी उत्पादनप्रक्रियेनुसार बदलू शकते. फ्रान्समध्ये ७५ डायलिसिस रुग्णांना मूळ आयर्न सुक्रोजऐवजी तत्सम औषध दिल्यावर त्यांचे सरासरी हिमोग्लोबिन घटले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. हा अभ्यास लहान असला तरी युरोपीय औषध नियामकाने अशा औषधांच्या तुलनेसाठी स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. जेनेरिक औषधांचा मोठा उत्पादक असलेल्या भारतासाठी ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

कर्करोग : गाठीपर्यंतची अवघड वाट

गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने मोठे रेणू तेथे झिरपून साठतात, असे जपानमधील यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये मांडले. नॅनोकण आपोआप गाठीत जमा होतील, ही आशा त्यावर उभी राहिली. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाचे वॉरेन चॅन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा लेखाजोखा मांडला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी मध्यक प्रमाणाने केवळ ०.७ टक्के नॅनोकण गाठीत पोहोचल्याचे आढळले. उर्वरित कणांचा मोठा भाग यकृत आणि प्लीहेने टिपलेला असतो.

म्हणूनच प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत आधी पोहोचलेल्या काही पद्धतींनी रक्तप्रवाहाचा मार्ग टाळून कण थेट गाठीत टोचण्याचा पर्याय स्वीकारला. जर्मनीत विकसित झालेल्या आणि २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळालेल्या पद्धतीत मेंदूतील गाठीत आयर्न ऑक्साइडचे कण सोडून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ते तापवले जातात. या उपचारापूर्वी दातांतील धातूचे भराव काढून टाकावे लागतात आणि गाठीत उरलेल्या लोहामुळे पुढे एमआरआय तपासणी अवघड होते.

हाफ्नियम ऑक्साइडचे कण क्ष-किरणांची ऊर्जा मोठ्या प्रमाणात शोषतात. गाठीत ते टोचून किरणोपचार दिल्यास तेवढ्याच किरणांचा परिणाम वाढतो. मऊ ऊतींच्या सार्कोमा या कर्करोगावरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. गाठीतील कर्कपेशी पूर्णतः किंवा जवळजवळ नष्ट झालेल्या रुग्णांचे प्रमाण केवळ किरणोपचार घेतलेल्यांत ८ टक्के, तर कणांसह किरणोपचार घेतलेल्यांत १६ टक्के होते. त्याच वर्षी या उत्पादनाला युरोपात वापराची परवानगी मिळाली.

सोन्याच्या बाबतीत राइस विद्यापीठातील नाओमी हलास आणि जेनिफर वेस्ट यांनी विकसित केलेले, सिलिकावर सोन्याचे कवच असलेले कण सर्वांत पुढे गेले. ते शिरेवाटे देऊन प्रोस्टेटच्या गाठीत अवरक्त लेझरने तापवण्याचा प्रयोग १६ पुरुषांवर करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार सुरक्षितपणे करता येतो, असे त्यात दिसले. परंतु प्रोस्टेटमध्ये लेझरचा तंतू नेमक्या जागी पोहोचवता येतो. शरीरभर पसरलेल्या कर्करोगाबाबत ही सोय नसते.

भारतातील संशोधन आणि नियमन

भारतात या शास्त्राचा पाया प्रामुख्याने सार्वजनिक संस्थांनी रचला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या प्रारंभी बुरशीच्या साहाय्याने सोन्या-चांदीचे नॅनोकण तयार केले. गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी कण बनवण्याचे त्यांचे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले. आयआयटी मद्रासचे थलप्पिल प्रदीप यांच्या गटाने धातूंच्या नॅनोकणांनी पाण्यातील कीटकनाशके, तर लोहाधारित नॅनोपदार्थांनी आर्सेनिक काढण्याच्या पद्धती विकसित केल्या. प्रदीप यांना २०२० मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली. भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण वापरणारे ‘टाटा स्वच्छ’ हे जलशुद्धीकरण यंत्र २००९ मध्ये बाजारात आले. तुसाच्या राखेवरील मूळ काम पुण्यातील टाटा संशोधन केंद्रात झाले होते. केंद्र सरकारने २००७ मध्ये एक हजार कोटी रुपयांच्या तरतुदीसह ‘नॅनो मिशन’ सुरू केले होते.

नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठीची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झाली. जैवतंत्रज्ञान विभाग, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना यांचा त्यांत सहभाग होता. प्रत्येक औषधाचा विचार स्वतंत्रपणे करावा, हे त्यांचे मुख्य सूत्र आहे.

आयुर्वेदातील धातुभस्मांचा उल्लेख या संदर्भात वारंवार होतो. सुवर्णभस्मात काही दशक नॅनोमीटर आकाराचे सुवर्णस्फटिक असल्याचे क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासांत आढळले आहे. तथापि कण नॅनो आकाराचे आहेत, एवढ्यावरून ते गुणकारी किंवा सुरक्षित ठरत नाहीत. त्यासाठी प्रत्येक भस्माच्या घटकांची शुद्धता, मात्रा, शरीरातील साठा आणि रुग्णांवरील परिणाम स्वतंत्रपणे तपासावे लागतात. शिसे आणि पारा यांसारख्या धातूंच्या बाबतीत ही तपासणी अधिकच अनिवार्य ठरते.

‘नॅनो’ हे विशेषण स्वतः गुणवत्तेचे किंवा धोक्याचे प्रमाणपत्र नाही. चाचणीच्या पट्टीवरील सोने शरीरात जात नाही. त्यामुळे त्याच्यापासून भय नाही. जखमेवरील चांदी गरजेपुरती आणि वैद्यकीय सल्ल्याने वापरली तर उपयुक्त ठरू शकते. तीच चांदी रोज पिणे धोक्याचे आहे. शिरेवाटे दिलेले लोह हजारो मातांना उभारी देते, पण ते रुग्णालयातच घ्यावयाचे असते. नॅनोधातूचे कोणतेही उत्पादन विकत घेताना अथवा उपचार स्वीकारताना त्यात कोणता धातू आहे, तो शरीरात शिरतो का, शिरल्यास तो विरघळतो की साठून राहतो आणि रुग्णांवरील चाचण्यांत त्याचा लाभ सिद्ध झाला आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे ग्राहकाने आणि रुग्णाने मागितली पाहिजेत.